ज्येष्ठ नागरिकांमधील घरगुती भाजणे : प्रतिबंध व प्रथमोपचार

ज्येष्ठ नागरिकांमधील घरगुती भाजणे म्हणजे वयाची ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींना राहत्या घरात किंवा घराच्या आवारात उष्णता, ज्वाला, वाफ, वीज अथवा रसायन यांमुळे झालेली त्वचेची व त्याखालील ऊतींची इजा होय. 'ज्येष्ठ नागरिक' ही संज्ञा येथे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मधील व्याख्येनुसार वापरली आहे. या वयातील बहुसंख्य इजा मोठ्या आगीतून नव्हे, तर आंघोळीचे पाणी, चहा, पेज, चूल, समई, शेकण्याची पिशवी अशा नित्याच्या वस्तूंमुळे होतात. म्हणूनच त्यांपैकी पुष्कळ टाळता येण्याजोग्या असतात.

या लेखात विषयाचे सर्वसाधारण विवेचन असून उदाहरणे प्रामुख्याने रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या जीवनपद्धतीतील आहेत.

संज्ञा

मराठीत या इजांसाठी अनेक शब्द रूढ आहेत. तापलेल्या वस्तूचा क्षणिक स्पर्श झाला की 'चटका' बसतो. गरम पाणी, तेल किंवा वाफेने अंग 'पोळते'. ज्वालेने किंवा निखाऱ्याने ते 'भाजते'. आणि धगीत सापडल्यास माणूस 'होरपळतो'. वैद्यकशास्त्र या सर्वांचा एकत्र विचार करते व त्यांची वर्गवारी खोलीनुसार करते. केवळ वरचा थर लाल होऊन दुखत असल्यास ती उथळ इजा. फोड येऊन आतला थर उघडा पडल्यास ती अंशतः खोल इजा. त्वचेची पूर्ण जाडी जळून ती पांढुरकी, तपकिरी किंवा चामड्यासारखी झाल्यास ती पूर्ण खोल इजा होय. पूर्ण खोल इजेत वेदनावाहक मज्जातंतूही नष्ट होत असल्याने तेथे फारसे दुखत नाही. 'दुखत नाही, म्हणजे विशेष काही नाही' हा समज त्यामुळे घातक ठरतो.

वार्धक्यात धोका का वाढतो

वयोमानानुसार त्वचा पातळ होते व तिच्या दोन थरांमधील जोड सैल होतो. त्यामुळे तरुणाला केवळ लाली आणणारी उष्णता वृद्धाच्या त्वचेवर फोड आणू शकते. मधुमेह असल्यास पायांची संवेदना बोथट होते व पाणी अतिगरम आहे हे कळेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. सांधेदुखी, कंपवात किंवा अर्धांगवायू यांमुळे हातातील भांडे निसटते, तसेच हातपाय झटकन मागे घेता येत नाहीत. मोतीबिंदूमुळे दिवसाच्या उजेडात गॅसची निळी ज्योत नीट दिसत नाही. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या काही औषधांनी एकाएकी उभे राहताना चक्कर येते. स्मृतिभ्रंशात तर चूल पेटवल्याचेच विस्मरण होऊ शकते.

घ्राणशक्तीचा ऱ्हास हे एक दुर्लक्षित कारण आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती समजावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. मात्र उतारवयात वास घेण्याची क्षमता कमी झालेली असल्यास ही सूचना त्या व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही.

इजा झाल्यावर भरून येण्याची गतीही मंद असते. अंथरुणाला खिळल्यामुळे न्यूमोनिया, शय्याव्रण व स्नायूंची दुर्बलता उद्भवते. फ्रेंच शल्यचिकित्सक सर्ज बो यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात रुग्णाचे वय आणि शरीराच्या भाजलेल्या पृष्ठभागाची टक्केवारी यांची सरळ बेरीज केली जाते. बेरीज जितकी मोठी, तितका जिवाचा धोका अधिक. २० टक्के भाजलेल्या २५ वर्षांच्या तरुणाची बेरीज ४५ होते, तर तितक्याच भाजलेल्या ७५ वर्षांच्या व्यक्तीची ९५. आधुनिक उपचारांमुळे रुग्ण वाचण्याचे प्रमाण पुष्कळ सुधारले असले, तरी वय हा स्वतःच एक घाव आहे हे या गणिताचे सार आजही ग्राह्य आहे.

तापमान आणि संपर्काचा काळ

भाजण्याची तीव्रता केवळ तापमानावर नव्हे, तर ते तापमान त्वचेवर किती वेळ टिकते यावरही अवलंबून असते. अमेरिकी संशोधक मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हा संबंध स्पष्ट झाला. प्रौढ त्वचेला ४४ अंश सेल्सिअसच्या उष्णतेने इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात. ४९ अंशांना हा काळ १० मिनिटांच्या आत येतो आणि ६० अंशांना सुमारे ५ सेकंदांवर. वृद्धांच्या पातळ त्वचेला याहूनही कमी वेळ पुरतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. उकळते पाणी अंगावर सांडल्यास सावरण्यास अवधीच मिळत नाही; म्हणून पाणी उकळते असताना हलवू नये. दुसरे म्हणजे, हाताला सुखद वाटणारी शेकण्याची पिशवीदेखील रात्रभर एकाच जागी राहिली तर खोल भाजू शकते.

महाड–पोलादपूर परिसराची पार्श्वभूमी

महाड हे सावित्री नदीच्या काठावरील जुने शहर आहे, तर पोलादपूर हे आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. महाडजवळ, बिरवाडीच्या बाजूस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे मुख्यतः रसायने व औषधद्रव्ये तयार करणारे कारखाने आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात लागलेल्या आगीत ११ कामगार मृत्युमुखी पडले. अशी दुर्घटना सर्वांच्या लक्षात राहते. घरातील न्हाणीत पोळलेल्या आजीची नोंद मात्र कुटुंबाच्या आठवणीपलीकडे क्वचितच जाते.

या भागातील अनेक घरांतील तरुण मंडळी नोकरीनिमित्त मुंबई-ठाण्याकडे असतात व गावच्या घरात वृद्ध जोडपे किंवा एकटी वृद्ध व्यक्ती राहते. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यानंतर ग्रामीण भागांत गॅसजोडण्या वाढल्या. तरी जळाऊ लाकूड सहज मिळते तेथे आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबात तापवण्याची पद्धत टिकून आहे. परिणामी एकाच घरात चूल, गॅस आणि वीज अशी उष्णतेची तिन्ही साधने वापरात असतात. पावसाळ्यात वीज गेल्यावर त्यांत दिवे व मेणबत्त्यांची भर पडते.

धोक्याची ठिकाणे व प्रतिबंधक उपाय

न्हाणीघर

वृद्धांना पोळण्याचे एक प्रमुख ठिकाण म्हणजे न्हाणीघर. चुलीवरील हंडा उचलून ओल्या फरशीवरून न्हाणीपर्यंत नेण्याच्या क्रियेत घसरणे व पोळणे हे दोन्ही धोके एकत्र येतात. पुढील नियम साधे परंतु परिणामकारक आहेत.

बादलीत प्रथम विसण, म्हणजे थंड पाणी, घ्यावे व त्यावर गरम पाणी ओतावे. क्रम कधीही उलटा नसावा. भरलेला हंडा उचलण्याऐवजी तांब्याने किंवा लांब दांड्याच्या भांड्याने थोडेथोडे पाणी काढावे. पाण्याची पारख बोटांनी न करता कोपराने करावी. मधुमेही व्यक्तीसाठी ती घरातील दुसऱ्या कोणी करावी. बसण्यासाठी न डगमगणारा पाट किंवा स्टूल असावे आणि भिंतीला धरण्यासाठी दांडा बसवावा, जेणेकरून तोल जाताना हात गरम बादलीवर किंवा नळावर जाणार नाही. गीझर असल्यास त्याचे तापमान ५० अंशांच्या आसपास मर्यादित ठेवावे.

पाण्यात सोडण्याची विजेची कांडी विशेष जपून वापरावी. ती चालू असताना पाण्यात हात घालू नये. बटण बंद करून, पिन काढून, मगच कांडी बाहेर घ्यावी. लोखंडी बादली वापरू नये. उपकरणावर आयएसआय चिन्ह असावे व घराच्या जोडणीत योग्य अर्थिंग तसेच विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावा.

स्वयंपाकघर

कोकणात भात शिजल्यावर त्यातील पेज वेळून काढण्याची रीत आहे. जड पातेले दोन्ही हातांनी तिरके करताना झाकण सरकते आणि उकळती पेज हातावर किंवा मांडीवर येते. पेज दाट व चिकट असल्याने ती साध्या पाण्याप्रमाणे ओघळून जात नाही. त्वचेला चिकटून उष्णता देत राहते व अधिक खोल भाजते. वृद्धांच्या घरी मोजक्या पाण्यात, बेताच्या पातेल्यात किंवा कुकरमध्ये भात करणे हा यावरील उत्तम उपाय होय. पेज हवीच असेल तर पातेले न उचलता ती डावाने काढून घ्यावी.

चुलीशी बसून काम करताना पदर, लुगड्याचा घोळ किंवा शालीचे टोक निखाऱ्यावर जाते. सुती वस्त्र लवकर पेटते. कृत्रिम धाग्याचे वस्त्र वितळून अंगाला चिकटते. पदर खोचलेला असावा, बाह्या आखूड किंवा घट्ट असाव्यात. भांडी उतरवण्यासाठी पदराचा उपयोग न करता सांडशी वापरावी. चुलीत घासलेट ओतून जाळ करण्याची सवय पूर्णतः टाळावी. धुमसत्या निखाऱ्यावर पडलेल्या घासलेटची वाफ एकदम भडकते.

गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर असावी. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. रबरी नळी दर ५ वर्षांनी, आणि तडे दिसल्यास त्यापूर्वीच, बदलावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो; म्हणून खालच्या बाजूस हवा खेळती असणे आवश्यक आहे. वासावर विसंबून न राहता रोज रात्री व बाहेर पडताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी. गळतीचा संशय आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, घराबाहेर पडावे आणि १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

चहा देताना कप काठोकाठ भरू नये. हात थरथरत असल्यास रुंद बुडाचा, मोठ्या कानाचा पेला द्यावा. बशीत ओतून चहा पिण्याची सवय असलेल्यांनी ती बशी हातात न धरता टेबलावर किंवा पाटावर ठेवावी.

देवघर व दिवे

समई, निरांजन व उदबत्ती यांचा वापर वृद्धांच्या दिनक्रमाचा भाग असतो. पूजा बंद करण्याचा सल्ला अव्यवहार्य असून तो मनाला क्लेश देणाराही असतो. त्यापेक्षा मांडणी बदलावी : दिवा पडद्यापासून व लाकडी चौकटीपासून दूर, पसरट बुडाच्या धातूच्या ताटात ठेवावा, वस्तू घेण्यासाठी ज्योतीवरून हात न्यावा लागू नये अशी रचना असावी, झोपण्यापूर्वी दिवा शांत करावा. वीज गेल्यावर मेणबत्तीऐवजी चार्जिंगचा दिवा किंवा विजेरी वापरावी व ती उशाशी ठेवावी.

शेक, वाफारा व औषधे

शेकण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, १५ ते २० मिनिटांपुरतीच वापरावी. ती घेऊन झोपू नये. संवेदना कमी झालेल्या पायांना निखाऱ्याचा, तापल्या विटेचा किंवा विजेच्या गादीचा शेक देऊ नये. वाफारा घेताना पातेले मांडीवर किंवा खाटेवर ठेवू नये. ते स्थिर टेबलावर, आतल्या बाजूस असावे. पॅराफिनयुक्त मलमे किंवा तेल कपड्यात मुरलेले असल्यास कापड झपाट्याने पेटते, म्हणून असे कपडे घालून चुलीपाशी बसू नये. घरी प्राणवायूचे यंत्र वापरणाऱ्या रुग्णाच्या खोलीत विडी, दिवा किंवा उदबत्ती असता कामा नये.

अंगण व शेत

भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून जमीन भाजण्याची, म्हणजे राब करण्याची, पद्धत कोकणात पूर्वापार चालत आली आहे. हे काम प्रायः अनुभवी वृद्धांकडे असते. वारा फिरल्यास आग पायाशी येते व वृद्धाला वेगाने मागे हटता येत नाही. राब एकट्याने पेटवू नये. वारा पडलेला असताना, पाण्याची कळशी व ओला बारदान जवळ ठेवून, पायांत पादत्राणे घालूनच हे काम करावे.

काजूच्या बिया भाजताना टरफलातील तेल उडते. हे तेल ज्वालाग्राही तर आहेच, शिवाय दाहकही आहे. थंड असतानाही त्वचेवर फोड आणते. डोळे व चेहरा दूर ठेवावा व हातांना संरक्षण असावे.

रसायने

औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील कुटुंबांनी एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. कारखान्यात रसायनांसाठी वापरलेली पिंपे किंवा कॅन पाणी साठवण्यासाठी घरी आणू नयेत. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. अंधुक दिसणाऱ्या व्यक्तीकडून ते पाणी समजून प्यायले जाण्याची भीती असते. पानासोबत खाल्ला जाणारा चुना डोळ्यात गेल्यास नेत्रपटलाला गंभीर इजा होते, त्यामुळे चुन्याची नळी डोळ्यांसमोर धरून दाबू नये.

प्रथमोपचार

कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे व लोळावे. वृद्धाला हे जमत नसल्यास दुसऱ्याने त्यास आडवे करून घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकून ज्वाला विझवावी, अथवा पाणी ओतावे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, त्यामुळे घरातील घोंगडी या कामी उपयुक्त ठरते.

त्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे पाणी. भाजलेल्या भागावर साधे थंड, वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. त्वचेखाली शिरलेली उष्णता यामुळे बाहेर निघते व इजेची खोली कमी होते. तात्काळ जमले नसल्यास पहिल्या ३ तासांपर्यंत याचा लाभ होतो. नळ नसेल तर तांब्याने सतत धार धरावी. वृद्धांचे शरीर लवकर गारठते. म्हणून भाजलेला भाग थंड करताना उरलेले अंग कोरड्या पांघरुणाने उबदार ठेवावे. इजा विस्तृत असून थंडी वाजू लागल्यास पाणी थांबवावे.

सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, जोडवी, घड्याळ काढून घ्यावे. चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, सैल सुती कापडाने भाग झाकावा. रसायनाने भाजल्यास दूषित कपडे उतरवून पाणी अधिक काळ वापरावे. चुन्यासारखी कोरडी पूड मात्र आधी झटकून टाकावी, मग धुवावे. विजेचा धक्का बसल्यास प्रवाह बंद केल्याशिवाय रुग्णाला स्पर्श करू नये.

बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, शेण किंवा बटाट्याची साल यांपैकी काहीही लावू नये. बर्फाने त्वचेचा रक्तपुरवठा घटून इजा वाढते. अन्य लेपांमुळे उष्णता आत कोंडते, जंतुसंसर्गाचा धोका संभवतो आणि डॉक्टरांना इजेची खोली समजत नाही.

रासायनिक कारखान्यांत अंगावर द्रव उडाल्यास धावत जाऊन आपत्कालीन फवाऱ्याखाली उभे राहावे, असे कामगारांना शिकवले जाते. वसाहतीतील पाळीवर जाणाऱ्या कामगाराला जे पाठ असते, तेच त्याच्या घरातील आई-वडिलांनाही माहीत असणे इष्ट होय. तत्त्व एकच आहे : आधी पाणी, मग बाकी सर्व.

रुग्णालयात केव्हा न्यावे

रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसह शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे १ टक्का असतो. एका पायाची केवळ पुढची बाजू पोळली तरी ती सुमारे ९ टक्के भरते. ज्येष्ठ व्यक्तीचा पंजाहून मोठा भाग भाजला असेल. चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग किंवा सांधा भाजला असेल. धूर श्वासात गेला असेल. वीज अथवा रसायनाची इजा असेल. किंवा रुग्णास मधुमेह असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. धनुर्वाताच्या लसीविषयी तेथे विचारावे.

महाड व पोलादपूर येथे शासकीय ग्रामीण रुग्णालये आहेत. भाजलेल्या रुग्णांसाठीचे विशेष उपचार मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत उपलब्ध असतात. नवी मुंबईतील ऐरोली येथे असे स्वतंत्र केंद्र असून महाडपासून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाटरस्ते बंद पडतात. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले, तर तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा भूप्रदेशात रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतचा काळ घरातील माणसांच्याच हाती असतो. त्यामुळे प्रथम १०८ क्रमांकावर कळवावे आणि वाहन येईपर्यंत पाण्याचा उपचार चालू ठेवावा. वाहनाच्या शोधात ही २० मिनिटे वाया घालवू नयेत.

कुटुंब व समाजाची भूमिका

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार व्यक्ती भाजल्यामुळे मृत्यू पावतात व भारतात १० लाखांहून अधिक व्यक्तींना मध्यम किंवा गंभीर स्वरूपाची इजा होते. केंद्र शासनाने २०१० मध्ये प्रायोगिक स्वरूपात भाजण्याच्या इजांच्या प्रतिबंधाचा व व्यवस्थापनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

घरातील प्रतिबंध मात्र कुटुंबालाच करावा लागतो. सुट्टीत गावी आलेल्या मुलांनी तासाभरात करता येण्याजोगी कामे पुष्कळ आहेत : गॅसची नळी तपासणे, न्हाणीत दांडा बसवणे, विजेची कांडी बदलणे, चूल ते न्हाणी हे अंतर कमी करणे, मदतीचे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिणे. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीची शेजाऱ्यांनी सकाळच्या आंघोळीच्या वेळी एकदा विचारपूस करावी. आशा कार्यकर्त्या व शाळकरी विद्यार्थीही ही माहिती घरोघरी पोहोचवू शकतात.

प्रतिबंधाच्या नावाखाली वृद्धांना स्वयंपाकघरातून दूर करणे हा योग्य मार्ग नव्हे. आयुष्यभर चूल सांभाळलेल्या व्यक्तीचे काम काढून घेतल्यास तिचे स्वावलंबन व आत्मसन्मान दोन्ही हरपतात, आणि घरात कोणी नसताना ती चुलीकडे जायची ती जातेच. काम तेच ठेवून त्याची पद्धत, भांडे आणि जागा बदलणे अधिक परिणामकारक ठरते. बदल करताना त्या व्यक्तीलाच विचारावे. कोणते पातेले जड होते व कोणत्या पायरीवर पाय अडतो, हे तिच्याइतके अन्य कोणास ठाऊक नसते.